फाटकावरचा मास्तर

समुद्राचा वारा केळीच्या वाड्यांतून फिरतो अशा एका गावात एक मास्तर राहत होता. त्याचं नाव कैतान. शाळेतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरकी काही सुटली नव्हती. रविवारी देवळात मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाली की तो मुलांना धर्मशिक्षण देई, आणि उरलेला आठवडाभर मोठ्यांना.

गाव कॅथोलिकांचं होतं. देवळाचा मनोरा दुरून दिसे, वाटेवर जागोजागी चुन्याने रंगवलेले क्रूस होते, आणि संध्याकाळी घराघरांतून माळेची प्रार्थना ऐकू येई. पण खाडीपलीकडे एक नवं प्रार्थनागृह उभं राहिलं होतं. तिथली मंडळीही ख्रिस्ताचीच. मात्र त्यांना मूर्ती नको होत्या, माळ नको होती, फादरांपुढे गुडघे टेकून पाप सांगणं नको होतं, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना तर मुळीच नको होती. गावातली काही माणसं तिकडे जाऊ लागली होती. काही कुठेच जात नव्हती. रविवारी आरामात उठायची आणि पिशवी घेऊन मासळी आणायला निघायची. अशा सगळ्यांना गावकरी एकच सांगत, "कैतान मास्तरांकडे एकदा जाऊन ये."

कैतानच्या घराला मोठा ओटा होता. ओट्यावर लाकडी बाक, बाकावर तो, मांडीवर बायबल. समोरचा बसला की कैतान चष्मा पुसायचा. चष्मा पुसला म्हणजे समोरच्याची आता धडगत नाही, हे गावाला पाठ झालं होतं.

"मरियेची पूजा का करता?" असं एका तरुणाने त्याला विचारलं.

"पूजा देवाची. तिला आम्ही विनंती करतो," कैतान म्हणाला. "तुझी आई आजारी पडली तेव्हा तू शेजारपाजारच्यांना सांगितलंस ना, आईसाठी प्रार्थना करा म्हणून?"

"ते जिवंत आहेत."

"आणि ती मेली? देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे, हे प्रभूचं वाक्य तुझ्याही बायबलात आहे. काढ."

तरुणाने पानं उलटली. वाक्य होतं.

दुसरा एक जण म्हणाला, "देव सगळीकडे आहे, मग मिस्सेलाच कशाला यायचं?" कैतान म्हणाला, "भातही सगळीकडे मिळतो. मग सणाला आईच्या हातचं जेवायला मुंबईहून घरी कशाला येतोस?" तिसऱ्याने विचारलं, पाप माणसाला कशाला सांगायचं? कैतानने त्याला दाखवून दिलं की शिष्यांवर फुंकर घालून, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, असं खुद्द प्रभूच म्हणाला होता.

समोरचा गप्प झाला की कैतान बोट वर करून विचारी, "म्हणजे मान्य?" तो मान डोलावी. मग कैतान घरात हाक मारी आणि चहा येई. चहा आला म्हणजे वाद संपला आणि मास्तर जिंकला. चहा आधी कधीच येत नसे.

तो सांगत होता त्यातलं काहीही खोटं नव्हतं. या गोष्टीतली वाईट गोष्ट तीच आहे. तो खोटं सांगत असता, तर दोष कुणाला द्यायचा हे तरी सोपं झालं असतं.

कैतानला एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव इनास. इनासची फुलांची वाडी होती, मोगऱ्याची आणि झेंडूची. मोठा जितका बोलका तितका धाकटा अबोल. त्याची बायको रेमेद, आणि एकुलती एक मुलगी फिलू. फिलू विशीला टेकली होती. बापासारखी कष्टाळू, पण बोलण्यात काकावर गेलेली.

एका पावसाळ्यानंतर फिलूने शहरात नर्सिंग शिकायला जायचं काढलं. इनास नाही म्हणाला. ती अडून बसली. शब्दाला शब्द वाढला आणि इनासच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याशी बोलू नको आता." फिलू हट्टी, खरोखरच बोलेनाशी झाली. इनासही आपणहून बोलेना. रोज सकाळी दोघं शेजारी शेजारी फुलं खुडायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. मग फिलूला ताप आला. ताप डोक्यात गेला. दवाखान्यात तिने डोळे उघडले नाहीत, आणि इनासला काय बोलायचं होतं ते त्याच्या तोंडातच राहून गेलं.

तिला गावच्या दफनभूमीत पुरलं. माणसं पांगल्यावर इनास भावाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "ती आता कुठं असंल?"

कैतानने काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत तीन गोल काढले. एक स्वर्गाचा, एक नरकाचा आणि मधला शुद्धीस्थानाचा. देवाच्या कृपेत मेलेला आत्मा, ज्याचं थोडं काही धुवायचं राहिलंय, तो मधल्या गोलात जातो. तिथून वाट फक्त वरच जाते. आपल्या प्रार्थनेने त्याला मदत होते. सगळं नीट, मुद्देसूद. इनास त्या गोलांकडे बघत राहिला. मग त्यांच्यावर पाय पडू न देता, कडेकडेने अंगणाबाहेर गेला.

त्यानंतर तो देवळात दिसेना. फिलू जिथे बसून गायची ते बाक त्याला बघवत नसे, असं रेमेद सांगायची. काही महिन्यांनी कळलं, दोघं नवराबायको खाडीपलीकडे जातात. तिथल्या माणसांनी त्याला काही विचारलं नव्हतं. एकाने नुसता त्याचा हात धरला होता आणि त्याच्याबरोबर रडला होता. दुसऱ्याने घरी नेऊन जेवायला वाढलं होतं. पुढे त्यांनी हेही सांगितलं की मेलेलं माणूस देवाच्या हाती गेलं, आता इथून त्याच्यासाठी बोलण्यासारखं काही उरत नाही. इनासने ते मुकाट ऐकून घेतलं, ज्यांचं जेवलो त्यांचं ऐकून घ्यावं लागतं तसं.

कैतानला हे फार लागलं. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण मास्तरांचा सख्खा भाऊच तिकडे गेला ही कुजबुज त्याच्या कानावर येई. गावाला सावरणाऱ्याच्या घरातच पडझड झाली होती. त्याने एक पत्रक लिहून छापून घेतलं. मृतांसाठी प्रार्थना का करावी, असा त्याचा मथळा होता.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस येतो. त्या दिवशी गाव आपापल्या कबरी झाडतो, चुना देतो, झेंडूच्या माळा घालतो. दुपार कलली की मेणबत्त्या लागतात. फादर पवित्र पाणी शिंपडत रांगारांगांतून फिरतात. फुलं बहुतेक इनासच्याच वाडीतली असत. ती आत जात दुसऱ्यांच्या हातांनी.

कैतान त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकावर उभा राहू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला पत्रक देई. खाडीपलीकडचं कोणी नातेवाइकांबरोबर आलं की त्याला बाजूला घेऊन समजावी. दिवस मावळेपर्यंत त्याचं तोंड थांबत नसे. म्हातारे फादर एकदा म्हणाले, "मास्तर, कधीतरी आत येऊन उभे राहा आमच्याबरोबर."

"फाटक सोडून कसं चालेल, फादर?" कैतान म्हणाला. फादर पवित्र पाणी घेऊन आत गेले.

गावात एक रीत होती. ज्या कबरीचं मागे कोणी उरलेलं नाही, तिच्यावर शेजारच्या कबरीवाले आपल्यातली एक मेणबत्ती लावत. पण जिचं माणूस गावात आहे, तिला परक्याने हात लावायचा नाही. लावलाच, तर तुम्ही तुमच्या माणसाला विसरलात असं तोंडावर सांगितल्यासारखं होई. फिलूची कबर आत, मागच्या भिंतीशी होती. तिचा बाप खाडीपलीकडच्या मंडळीत गेला असला तरी तिचा काका तर समोर फाटकावर उभा होता. मग कोण हात लावणार? लोक तिच्या कबरीशी क्षणभर थबकत, फाटकाकडे बघत आणि पुढे जात. कैतानला वाटे, इतकं गाव आत आहे, लावली असेल कोणीतरी. खरं तर तेवढंही त्याला वाटत नसे. त्याच्या ते ध्यानातच नव्हतं.

असं एका वर्षी झालं, दुसऱ्या वर्षी झालं, आणि पुढे होतच राहिलं.

मग एका मृतांच्या दिवशी इनास फाटकाशी आला. धुतलेला सदरा घातलेला, मान खाली. कैतानने त्याला लांबूनच पाहिलं. भाऊ होता तो. पण भोवती माणसं होती, आणि हातात पत्रकांचा गठ्ठा होता.

"काय इनास," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या मंडळीत चालतं का हे? आधी मान्य कर, मग आत जा."

दोघंतिघं हसली. त्यात वाईट हेतू नव्हता. मास्तर असंच बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. इनासही हसल्यासारखं तोंड करून उभा राहिला. कैतानने एक पत्रक त्याच्या हातात दिलं. इनासने त्याची नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आला त्या वाटेने परत गेला. कैतानला वाटलं होतं तो वाद घालील. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी इनास ओट्यावर आला.

कैतान एकटाच पत्रकं मोजत बसला होता. भावाला पायरीवर बघून त्याला आनंद झाला. इतकी वर्षं तो या घडीची वाट बघत होता. प्रतिपक्ष आपल्या पायांनी दारात आला होता.

"बस," तो म्हणाला.

इनास बाकाच्या टोकाला बसला. उजवा हात लेंग्याच्या खिशात. तो समोर वाटेवरच्या क्रूसाकडे बघत होता.

"दादा, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"मेलेल्या माणसासाठी आपण इथनं काय बोललो, तर ते पोचतं का?"

कैतानने चष्मा पुसला.

मग त्याने सुरुवात केली. जुन्या करारातल्या यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी कशी प्रार्थना केली आणि यरुशलेमला अर्पण कसं पाठवलं, ते त्याने वाचून दाखवलं. इनासच्या नव्या बायबलात ते पुस्तकच नव्हतं. तेव्हा ते का नाही, कोणी काढलं, कधी काढलं, त्याआधी कोण कोण ते वाचत होतं, हे सगळं आलं. त्यातच बराच वेळ गेला. मग पहिल्या ख्रिस्ती लोकांनी भुयारांतल्या कबरींवर खरडलेल्या प्रार्थना आल्या. मग विश्वासांगीकार आला. "संतांचा समागम असं आपण दर रविवारी म्हणतो," कैतान म्हणाला, "ते काय उगाच? इथले आपण आणि तिथले ते, हे एकच घर आहे. एका खोलीतलं माणूस दुसऱ्या खोलीत गेलं म्हणून नातं तुटत नाही. त्याला हाक मारता येते. हे मी म्हणत नाही, ख्रिस्तसभा म्हणते."

इनासने मान वर केली. "हाक मारता येते?"

"येते ना. त्याचा पुरावा सांगतो," कैतान म्हणाला, आणि त्याने पुन्हा पुस्तक उघडलं.

इनासचा हात अजून खिशातच होता. कैतानच्या ते नजरेत आलं होतं. खाडीपलीकडच्यांनी उलट प्रश्न लिहून दिलेली चिठ्ठी असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. म्हणून त्याने आणखी चार मुद्दे मांडले, की चिठ्ठी बाहेर निघायलाच नको. वाडीवर सावल्या लांबल्या. देवळात संध्याकाळची घंटा झाली.

शेवटी त्याने बोट वर केलं. "म्हणजे मान्य?"

"मान्य आहे, दादा."

"सगळं?"

"सगळं. तू सांगतो ते खरंच असणार."

कैतानने घरात हाक मारली. चहा आला. पण इनास उठून उभा राहिला होता.

"काळोख पडला," तो म्हणाला. "फाटक लावलं असंल आता."

"कसलं फाटक?"

"काय नाय," इनास म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

त्याचा चहा बाकावर तसाच राहिला. त्यावर साय धरली. हरल्याचा राग आला असेल, कैतान मनात म्हणाला. माणसाला पटायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याने चारचौघांना सांगितलं की इनासने मान्य केलं. लोक म्हणाले, मास्तर, तुम्ही धन्य. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त खुशीत पत्रकं वाटत होता.

इनास त्या रविवारी मिस्सेला आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. नाताळच्या आधी एका सकाळी तो झेंडूच्या वाफ्यात खाली बसला, आणि रेमेद पाणी घेऊन येईपर्यंत गेलेला होता.

त्याला खाडीपलीकडे पुरलं. तिथल्या लोकांनी मनापासून गाणी म्हटली. कैतान कडेला उभा होता. त्याच्या ओळखीचं त्यात फार थोडं होतं. मृतासाठी एकही प्रार्थना झाली नाही, कारण ती त्यांची रीत नव्हती. माती टाकताना कैतानचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. आपल्या भावासाठी चार शब्द मोठ्याने म्हणायचे, तर तिथे त्याचा वाद झाला असता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच कैतानच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं.

आठवड्याने तो रेमेदकडे गेला. जाताना त्याने मनात मुद्दे जुळवले होते. इनासने आपल्याजवळ सगळं मान्य केलं होतं, तेव्हा त्याच्या नावाने मिस्सा सांगायला तिची हरकत नसावी, असं त्याला म्हणायचं होतं.

रेमेदने त्याला बसायला पाट दिला. ती रागावलेली नव्हती. रागावण्याइतकीही ती उरली नव्हती.

"रेमेद," कैतान म्हणाला, "त्या दिवशी ओट्यावर इनास मला म्हणाला होता की—"

"भावोजी, ते तुमच्याकडं वाद घालायला नव्हते आले."

कैतान थांबला.

"दर वरसाला त्या दिवशी ते भिंतीपलीकडं रस्त्यावर उभे राहायचे," रेमेद म्हणाली. "आतमधी सगळ्या कबरी उजळायच्या. आमच्या फिलूची तेवढी काळोखात. घरी येऊन म्हणायचे, कोणी नाय लावली गं. एकदा स्वतः गेले लावायला, तर फाटकावरनंच परत आले. का परत आले, ते मला नाय सांगितलं."

कैतानला ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली.

"मग त्या सांजेला म्हणाले, दादाला घेऊन जातो. उद्या गर्दी असणार, आज कोण नसंल. फिलूला एकदा सांगायचंय, मी रागात बोललो म्हणून. एकट्याचा धीर होत नाय, पण दादा बाजूला असंल तर गुडघं टेकीन. असं सांगून गेले."

"मग आल्यावर?" कैतानने विचारलं.

"आल्यावर म्हणाले, दादाचं बरोबर आहे. सगळं खरं आहे, हाक पोचते. पण उशीर झाला गं."

रेमेद उठली. भिंतीतल्या फळीवरून तिने काहीतरी आणून त्याच्या हातात ठेवलं. ती मेणबत्ती होती, एकदाही न पेटवलेली. पण मधोमध वाकलेली. त्या संध्याकाळी सगळा वेळ इनासने ती खिशात मुठीत धरून ठेवली होती, आणि त्याच्या हाताच्या उबेने ती वाकली होती.

कैतान घरी आला आणि ओट्यावर बसला. शेजारी बाकाचं तेच टोक रिकामं होतं. जिंकलेले सगळे वाद त्याला आठवायला लागले, आणि पहिल्यांदाच त्याला प्रश्न पडला की चहा पिऊन गेलेल्या त्या माणसांपैकी किती जणांच्या खिशात काय होतं. एकाचंही त्याला सांगता येईना. त्या रात्री तो जेवला नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा मृतांचा दिवस आला. फाटकावर पत्रकं घ्यायला सवयीने हात पुढे झाले, पण तिथे मास्तर नव्हता. तो आत गेला होता. हातात वाकडी मेणबत्ती होती आणि तो रांगांमधून इकडून तिकडे फिरत होता. त्याला फिलूची कबर सापडत नव्हती.

अखेर त्याने एका म्हातारीला विचारलं.

"मागच्या भिंतीशी," म्हातारी म्हणाली, आणि मग तिला नवल वाटलं. "तुमच्याच घरातली ना, मास्तर?"

कबरीवर गवत माजलं होतं. क्रूसावरचं नाव पुसट झालं होतं. त्याने खाली बसून गवत उपटलं. आसपासची माणसं बघत होती. मदतीला कोणी आलं नाही, कारण घरचं माणूस आलं होतं आणि तशी रीत नव्हती.

त्याने मेणबत्ती लावली. ती सरळ उभी राहीना. मातीत रोवली तरी कलंडायची. मग त्याने ती हातातच धरली. मेण वितळून बोटांवर पडू लागलं.

प्रार्थना त्याला तोंडपाठ होत्या. शेकडो माणसांना त्याने त्या शिकवल्या होत्या. पण आता एकही वर येईना. इतकी वर्षं त्याने हाक पोचते हे सिद्ध केलं होतं, पण स्वतः कोणाला मारली नव्हती.

मागे पावलं वाजली. रेमेद होती. फाटकाशी आज कोणी विचारणारं नव्हतं, म्हणून ती आत आली होती. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, पण वाकली नाही.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "खरंच पोचतं?"

त्याच्यापाशी यहूदा मक्काबी होता, भुयारांतल्या कबरी होत्या, विश्वासांगीकार होता. सगळं जसंच्या तसं होतं.

"पोचतं," कैतान म्हणाला, आणि तेवढंच म्हणाला.

मग त्याने दोन्ही गुडघे मातीत टेकले.

"फिलू," तो म्हणाला, "तुझा बाप तुझ्याशी बोलायला निघाला होता पोरी. रागात बोललो, चुकलो, एवढंच सांगायचं होतं त्याला. वाटेत मी उभा होतो." मेणबत्ती दुसऱ्या हातात घेऊन तो पुन्हा म्हणाला, "आता तो तुला भेटला असेल तर त्याला सांग, मीही चुकलो. मला तुझ्याशिवाय कोणाकडून निरोप धाडायला तोंड नाही."

रेमेद खाली बसली. तिने त्याच्या हातातली मेणबत्ती आपल्या हातात घेतली. त्याने 'नमो मरिया' ही प्रार्थना सुरू केली. ती अर्ध्यावर अडखळली. तिला शब्द आठवत नव्हते. कैतानने तिला सांगितले नाहीत. ते तिला आठवेपर्यंत तो थांबला.

वाऱ्याने मेणबत्ती दोनदा विझली आणि दोनदा त्यांनी ती लावली. फादर पवित्र पाणी शिंपडून पुढे गेले. हळूहळू माणसं घरी परतली. कबरींवरचे दिवे एकेक करून मालवत गेले, तरी दोघं तिथेच बसून होती. बुटक्या भिंतीवरून पलीकडे रस्ता दिसत होता, जिथे इनास वर्षानुवर्षं उभा राहिला होता. त्याच्याही पलीकडे खाडी होती आणि खाडीच्या पल्याड इनास होता. तिथे एकही दिवा नव्हता.

तात्पर्य: आपली श्रद्धा खरी आहे हे दुसऱ्याला पटवून देण्याआधी ती त्याच्यासाठी आचरावी. दुःखी माणूस प्रश्न घेऊन दारात आला, तर आधी उठून त्याच्याबरोबर चालावं. उत्तर उद्याही देता येतं, सोबत मात्र तो असेपर्यंतच देता येते.